चाळीस ग्रॅमचा फरक

हेवा करायचाच असेल तर माणसाने शेजाऱ्याचा करावा. शेजारी कधी ना कधी घर विकतो, बदली होऊन जातो, निदान संध्याकाळी दार तरी लावून घेतो. साडूचं तसं नसतं. साडू जन्माचा. सासरा एक, परीक्षा एक आणि बाकावर शेजारीशेजारी बसलेले दोन परीक्षार्थी. त्यातला एक कायम पहिला येत असेल, तर दुसऱ्याने काय करायचं? दुसऱ्याने काय केलं, त्याचीच ही हकिकत.

यातल्या दुसऱ्याला ऑफिसात आणि बिल्डिंगमध्ये सगळे 'काटेकोर' म्हणत. ते वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खरी वजनं बारीकसा ठसा मारून परत द्यायची आणि झिजलेली जप्त करायची, हे काम ते पंचवीस वर्षं करत आले होते. झिजलेलं वजन म्हणजे लबाडी, असं त्यांचं साधं सरळ शास्त्र होतं. त्यांच्या खिशात कायम एक छोटी वही असे. तिच्यात जगातल्या चुका तारीखवार लिहिलेल्या असत. स्वतःच्या चुकांसाठी वेगळं पान ठेवलेलं नव्हतं, कारण तशी वेळ आलीच नव्हती.

पहिला परीक्षार्थी म्हणजे थोरला साडू. हा पाणीपुरवठ्यात नोकरीला. काटेकोरांना त्याच्यात सगळ्यात जास्त काय खुपत असेल, तर त्याच्यात खुपण्यासारखं काहीच नव्हतं. बढाई मारली असती तर तेवढाच आधार मिळाला असता. पण तो बसायचा मान खाली घालून, म्हणायचा, “मला काय कळतंय त्यातलं,” आणि तेवढ्यात बिघडलेली वस्तू दुरुस्त करून पुढे सरकवायचा. अशा माणसाचा राग करायला फार कष्ट पडतात. काटेकोर ते नियमाने घेत.

त्यात दोघांच्या गाड्या सारख्या. नऊ वर्षांपूर्वी एकाच विक्रेत्याकडून, एकाच दिवशी, एकाच वर्षीच्या दोन जुन्या जपानी गाड्या दोघांनी घेतल्या होत्या. साडूची आकाशी, काटेकोरांची बिस्किटाच्या रंगाची. साडू आपल्या गाडीचं सगळं स्वतःच्या हाताने करी, आणि ती गाडी किल्ली दाखवली तरी सुरू होई. काटेकोरांची मेकॅनिककडे जाई आणि तिथून नवा आजार घेऊन घरी येई.

सासरेबुवांना हे दिसत होतं. त्यांनी उभं आयुष्य जपानी शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात घालवलेलं. माणूस भेटला की ते आधी त्याची नखं बघत. थोरल्या जावयाच्या नखांत ग्रीसची काळी रेघ असायची, ती पाहून त्यांचा चेहरा खुले. धाकट्या जावयाची नखं स्वच्छ, सरकारी. सासरेबुवा ती बघत आणि विचारत, “काय, तब्येत बरी ना?”

गाड्या घेतल्या त्याच आठवड्यात सासरेबुवांनी दोघांना वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेलं एकेक पुडकं दिलं होतं. “घरी जाऊन उघडा,” म्हणाले. साडू आपलं पुडकं काटेकोरांच्या गाडीतच विसरला. आता वर्षानुवर्षं वजनं तोलणारा हात, त्यात एकाच वेळी दोन पुडकी! काटेकोरांना संशय आला. संशय आला की खात्री करायची ही कार्यालयाची शिकवण. दुसऱ्या दिवशी दोन्ही पुडकी सरकारी काट्यावर चढली. साडूचं सातशे चाळीस ग्रॅम. काटेकोरांचं सातशे. चाळीस ग्रॅम कमी.

त्यांनी वहीत नोंद केली. साडूचं पुडकं साडूला पोचवलं आणि स्वतःचं, न उघडताच, माळ्यावर टाकून दिलं. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, “तुझ्या वडिलांनी मला चाळीस ग्रॅमने मोजलंय. असू दे.” साडूच्या पुडक्यात काय निघालं हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारणं म्हणजे हार कबूल करणं. पुढे एकदा सासरेबुवांनीच विचारलं, “पुडक्यातलं उपयोगी पडतं का?” काटेकोर म्हणाले, “हो, फार.” सासरेबुवांनी पुन्हा विषय काढला नाही.

तर अशी ही पार्श्वभूमी. आता सासरेबुवांचा मोतीबिंदू.

ऑपरेशन सोमवारी होतं. न्यायला दवाखान्याची गाडी येणार होती, पण बुधवारी पट्टी काढल्यावर घरी आणायचं ते घरच्यांनी. शुक्रवारी काटेकोर ऑफिसातून आले तर बायको फोनवर बहिणीशी बोलत होती. “भाऊजींनाच पाठव गं. आमची गाडी सिग्नलला उभी राहिली की झोपते. बाबांच्या डोळ्याला धक्का नको.”

काटेकोरांनी पायातले बूट काढता काढता एक बूट तसाच ठेवला.

“मामांना मी आणणार,” ते म्हणाले.

“कशातून?”

“माझ्या गाडीतून.”

“आणि ती ढकलणार कोण? पट्टी काढलेले बाबा?”

“गाडी मी दुरुस्त करणार. स्वतः. या हातांनी.”

बायकोने त्या हातांकडे पाहिलं. नंतर फोनमध्ये म्हणाली, “ताई, तरी भाऊजींची गाडी तयार राहू दे.” या 'तरी'चा घाव काटेकोरांना जेवण संपेपर्यंत सलत होता. त्यांना एवढंच हवं होतं की, एकदा, फक्त एकदा, सासरेबुवांनी त्यांच्या नखांकडे बघून तब्येत विचारू नये.

शनिवारी सकाळी बिल्डिंगच्या आवारात बॉनेट उघडलं गेलं. दुखणं मेकॅनिकनेच मागे कधी तरी सांगितलं होतं: कार्बुरेटरमध्ये कचरा. कार्बुरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोलची गाठ घालून देणारा मध्यस्थ. मध्यस्थाच्या घशात काही अडकलं की दोन्ही पक्ष अडून बसतात आणि गाडी सिग्नलला बंद पडते. झाकणाचे सहा स्क्रू काढायचे, आतली बारीक छिद्रं साफ करायची, झाकण लावायचं. काटेकोरांनी वहीत तीन ओळींत काम लिहिलं आणि पुढे 'दोन तास' असा शेरा मारला.

स्क्रू फुलीचे होते. काटेकोरांनी दुकानातून नवा कोरा फुलीचा स्क्रूड्रायव्हर आणला होता. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर, फुलीच्या कडेला, सुईने टोचावा तसा एक बारीक ठिपका होता. सहाच्या सहा स्क्रूंवर. काटेकोरांनी भिंगातून तो पाहिला आणि वहीत लिहिलं: 'कारखान्याचा दोष. सर्व नगांवर डाग.' त्यांना जरा बरंही वाटलं. जपानी झाले म्हणून काय झालं, चुका सगळ्यांकडून होतात.

पहिल्या स्क्रूत स्क्रूड्रायव्हर घातला, फिरवला, आणि तो कर्रकन उसळून बाहेर आला. स्क्रू जागच्या जागी. त्याची फुली मात्र एका बाजूने चेपली. दुसरा, तिसरा, चौथा. चार स्क्रूंच्या फुल्यांचं खोबणीतून वाटीत रूपांतर झालं, आणि एकही तसूभर हलला नाही.

एव्हाना तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य हातात चहाचा कप घेऊन खाली आले होते. शनिवारी त्यांचा दवाखाना बंद असे आणि हाताला चैन नसे. त्यांनी वाकून पाहिलं.

“कधीपासून त्रास आहे?” त्यांनी विचारलं.

“वर्ष झालं.”

“आणि आज आलात. वरचा भाग गेलाय हो. पण मूळ शाबूत आहे.” त्यांनी कप मडगार्डवर ठेवला, वर जाऊन आपला चिमटा आणला, स्क्रूचं डोकं धरलं आणि सवयीने म्हणाले, “मोठ्ठा आ करा.” काटेकोरांनी चुकून केला. चिमटा निसटला, कप पडला आणि चहा कार्बुरेटरवरून ओघळला. दंतवैद्य म्हणाले, “दोन दिवस काही गरम देऊ नका,” आणि कपाचे तुकडे गोळा करून निघून गेले.

मग पहिल्या मजल्यावरचे वकील आले. हे बिल्डिंगचे सेक्रेटरी. ते सल्ला देत नसत, नोटीस देत. 'आवारात वाहनाचे अवयव उघड्यावर मांडू नयेत. मांडायचे झाल्यास लगतच्या पार्किंगधारकाची लेखी संमती जोडून अर्ज करावा.' आयुष्यभर दुसऱ्यांना नोटिसा बजावलेल्या काटेकोरांना ही पहिलीच मिळत होती. त्यांनी ती दोनदा वाचली.

“यावर तारीख नाही,” ते म्हणाले. “बिनतारखेची नोटीस मी स्वीकारू शकत नाही.”

वकिलांनी तारीख घातली.

“ठीक. लगतचे पार्किंगधारक कोण?”

“मीच.”

“मग द्या संमती.”

“अर्ज आल्याशिवाय संमतीचा विचार होत नाही.”

“आणि संमतीशिवाय अर्ज चालत नाही?”

“नोटिशीत तसंच आहे,” वकील समाधानाने म्हणाले. काटेकोरांना मनातून ही नोटीस आवडली, आणि ती आपल्याला का सुचली नाही याचा त्यांना वकिलांचाही थोडा हेवा वाटला. त्यांनी गाडीवर जुनी चादर घातली. अवयव झाकले गेल्याने तांत्रिकदृष्ट्या उघड्यावर राहिले नाहीत.

संध्याकाळी बायकोने वरून विचारलं, “किती झालं?”

“निदान झालं,” काटेकोर म्हणाले.

रविवारी दुपारी ते साडूकडे गेले. कारण सांगितलं मामांच्या डोळ्याची विचारपूस. खरं कारण, साडू काय करतोय ते बघणं. साडू गॅरेजमध्ये होता. शीळ घालत होता. आकाशी गाडीचं बॉनेट उघडं, कार्बुरेटरचं झाकण काढून वर्तमानपत्रावर ठेवलेलं आणि सहा स्क्रू एका बशीत ओळीने मांडलेले. एकाचीही फुली चेपलेली नव्हती.

“बुधवारसाठी आत एकदा नजर टाकावी म्हटलं,” साडू म्हणाला. “तुम्ही जाणार आहात ते कळलंय मला. आपलं राखीव म्हणून.”

राखीव! काटेकोरांनी गिळलं. मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, “हे स्क्रू... निघायला जड जातात का हो?”

“छे. तुमचे अडले का?”

“नाही, आमच्या वरचे दंतवैद्य विचारत होते.”

साडूने बशीतला एक स्क्रू उचलून उजेडात धरला. “हा ठिपका दिसतो? ही जपानी मापाची खूण. आपल्या बाजारातली फुली वेगळी, यांची वेगळी. दिसायला सारखीच, पण खाचेच्या कोनात थोडासा फरक. आपला स्क्रूड्रायव्हर तळापर्यंत बसत नाही, उसळतो आणि डोकं खातो. ठिपका दिसला की जपानी मापाचाच लावायचा. मला काय कळतंय म्हणा, पण तुम्हाला हे सांगायला नको. तुमचा धंदाच मापांच्या खुणांचा.”

काटेकोरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पंचवीस वर्षं ज्याने खऱ्या मापावर बारीक ठसा मारला, त्याने खऱ्या मापाच्या ठशाला 'डाग' म्हणून वहीत चढवलं होतं. आणि हे त्याला सांगत कोण होतं, तर साडू. तेही कौतुकाने.

“हा बघा, हा असा लागतो,” साडूने एक स्क्रूड्रायव्हर पुढे केला. जाड लाकडी मूठ, चकचकीत. “हा मला—”

“असेल, असेल,” काटेकोर घाईने म्हणाले. साडूला काय काय मिळालंय याची यादी ऐकण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते.

साडू चहाचं सांगायला आत गेला. काटेकोर गॅरेजमध्ये एकटे उरले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. हातात तोलला. दाराकडे पाहिलं. आणि मग, तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच शोधून काढण्याबद्दल ज्यांचं दोनदा जाहीर कौतुक झालं होतं, त्या निरीक्षकांनी तो स्क्रूड्रायव्हर कोटाच्या आतल्या खिशात घातला. संध्याकाळी वापरू, उद्या परत करू, त्याला कळणारही नाही, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पकडलेले सगळे दुकानदारही त्यांना हेच सांगत असत.

चहा त्यांनी कोट न काढता प्यायला. साडू म्हणाला, “उकडत नाही?” ते म्हणाले, “सवय आहे.”

सोमवारी रजा टाकून काटेकोरांनी चादर बाजूला केली. साडूचा स्क्रूड्रायव्हर चेपलेल्या फुलीत ठेवून मागून हातोडीची एक हलकी टिचकी मारली, फिरवला, आणि स्क्रू मुकाट्याने फिरला. दुसराही फिरला. सहाच्या सहा निघाले. काटेकोरांना आनंद व्हायला हवा होता. झाला राग. एवढं सोपं होतं तर! साडूची नऊ वर्षांची वाहवा म्हणजे या एवढ्याशा हत्याराची वाहवा. त्याचा यात हात तो काय!

आतला कचरा निघाला, छिद्रं साफ झाली. जोडताना एक स्प्रिंग जास्त उरली, म्हणून पुन्हा खोललं. मग एक वॉशर कमी पडली, म्हणून तिसऱ्यांदा. वॉशर दंतवैद्यांना जिन्यात सापडली. त्यांनी ती पाणी मारून, चिमट्यात धरून, कागदी रुमालावर आणून दिली. दुपारी चारला किल्ली फिरली आणि गाडी सुरू झाली. सुरूच राहिली. काटेकोरांनी दहा मिनिटं घड्याळ लावलं. इंजिन एका लयीत घुरघुरत होतं. वकिलांनी वरून आवाजाबद्दल नोटीस देतो म्हणून सांगितलं. काटेकोर म्हणाले, “अवश्य द्या. तारीख घाला.” त्यांच्या नखांत काळी रेघ उमटली होती. आंघोळ करताना त्यांनी ती जपली.

स्क्रूड्रायव्हर तेवढा परत द्यायचा होता. पण सोमवारी कंटाळा आला आणि मंगळवारी सकाळी मेव्हणीचा फोन आला. बायको फोन ठेवून म्हणाली, “अहो, भाऊजींची गाडी उघडीच पडलीय. त्यांचा कुठला तरी स्क्रूड्रायव्हर सापडत नाही. दोन दिवस शोधतायत. साध्याला हात लावणार नाही म्हणतात, स्क्रू खराब होतील. म्हणजे उद्या तुम्हालाच जावं लागणार.”

“असं?” काटेकोर म्हणाले. स्क्रूड्रायव्हर खुंटीवरच्या कोटात होता. उठून कोट घातला असता तर वीस मिनिटांत साडूच्या दारात पोचले असते. ते उठलेही. मग त्यांच्या डोळ्यांसमोर आकाशी गाडी आली, दवाखान्याच्या पायरीशी राखीव म्हणून उभी असलेली, आणि सासरेबुवा सवयीने तिचंच दार उघडताना. काटेकोर पुन्हा खाली बसले. जप्त केलेला माल सुनावणी झाल्यावर परत द्यायचा असतो, असा एक नियम त्यांना आठवला. सुनावणी बुधवारी होती. आपण हे वाईट करतोय हे त्यांना कळत होतं. तरीही केलं.

बुधवारी सासरेबुवा दवाखान्यातून बाहेर आले ते सगळीकडे बघतच. “किती स्वच्छ दिसतंय,” म्हणाले. “झाडाची पानं सुटी सुटी दिसतायत.” ते पुढे बसले, बायको मागे. पहिला सिग्नल लागला. गाडी थांबली, इंजिन चालू राहिलं. सासरेबुवांनी मान तिरकी करून कान दिला.

“कार्बुरेटर उघडला होता?”

“हो, मामा.”

“कोणी?”

काटेकोरांनी स्टिअरिंगवरचा हात असा वळवला की नखं वर यावीत. “मीच.”

सासरेबुवांनी नव्या डोळ्याने नखं बघितली. जवळून बघितली. आणि त्यांचा चेहरा खुलला. “शाबास जावईबापू!” ते म्हणाले. “इंजिनाने लय छान धरलीय. थोरल्यांच्या गाडीचीसुद्धा एवढी नाही.”

काटेकोरांना नऊ वर्षं साठलेलं काही तरी एका वाक्यात फिटल्यासारखं वाटलं. डोळे भरून आले. इथे ते सरळ घरी गेले असते तर ही हकिकत इथेच संपली असती आणि एक चोर सुखात राहिला असता. पण माणसाला एक शाबासकी पुरत नाही. सासरेबुवांच्या घरासमोर गाडी थांबल्यावर काटेकोर म्हणाले, “जरा एक स्क्रू बघून घेतो.” बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी बॉनेट उघडलं, कोटातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि घट्ट असलेला स्क्रू सासरेबुवांच्या देखत सावकाश आवळला.

सासरेबुवा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला, स्क्रूड्रायव्हर घेतला, मूठ फिरवून पाहिली.

“ही खाच मीच पाडलेली,” ते म्हणाले. “अदलाबदल नको म्हणून. हा थोरल्यांचा.”

काटेकोर बॉनेट लावू लागले.

“थोरल्यांकडून कशाला आणलात? तुमचा कुठंय?”

“माझा?”

“पुडक्यात दिलेला. तीन होते की त्यात.”

मागच्या दारातून उतरत बायको म्हणाली, “पुडकं? ते माळ्यावरचं? चाळीस ग्रॅमवालं?”

“कसले चाळीस ग्रॅम?” सासरेबुवांनी विचारलं.

आता बायका एरवी नवऱ्याची बाजू घेतात. पण वडिलांचा डोळा नुकताच उघडलेला, त्यात नऊ वर्षं त्या पुडक्यावरची धूळ तिनेच झटकलेली. तिने सगळं सांगितलं. सरकारी काटा, सातशे चाळीस, सातशे, वहीतली नोंद. “न उघडताच टाकलं हो, बाबा. मला म्हणाले, तुझ्या वडिलांनी मला कमी मोजलं.”

सासरेबुवा हसतील असं काटेकोरांना वाटलं. हसले असते तर सोसलं असतं. ते बॉनेटला टेकून उभे राहिले.

“दुकान बंद केलं तेव्हा सगळी हत्यारं विकली,” ते म्हणाले. “तीन ठेवली. चौतीस वर्षं हातात होती. मुठी झिजून बारीक झाल्या माझ्या. चाळीस ग्रॅम लाकूड सहज गेलं असेल. थोरल्यांना नवी आणून दिली. त्यांनी माझी मागितली होती, आधीच सांगून ठेवलं होतं. मी त्यांना म्हटलं, विकली. मनात म्हटलं, ही धाकट्यांना. वजनमापातला माणूस आहे, हात लावल्याबरोबर झीज ओळखेल.”

काटेकोरांनी ओळखली होती. एका ग्रॅमचीही चूक न करता ओळखली होती आणि जप्त करून माळ्यावर टाकली होती. सासरेबुवांनी खाचेचा स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खिशात परत सरकवला आणि म्हणाले, “थोरल्यांना देऊन या. गाडी उघडी पडली असेल बिचाऱ्यांची.” म्हणजे तेही त्यांना कळलं होतं. ऑपरेशन फारच चांगलं झालं होतं.

घरी येऊन काटेकोर शिडीवर चढले. सुतळी हाताने सुटेना, पण ती त्यांनी कापली नाही, बसून सोडवली. आत तेल लावलेल्या फडक्यात तीन स्क्रूड्रायव्हर. मुठी काळपट, मधोमध बसक्या, अंगठ्याच्या जागी खोलगट. काटेकोरांनी मधला हातात धरला. त्यांचा अंगठा त्या खळग्यात बरोबर बसला. ते शिडीवरच बसून राहिले, आणि बायकोने खालून दोनदा “सापडलं का?” असं विचारलं तेव्हा कुठे खाली उतरले.

दुपारी ते साडूच्या गॅरेजमध्ये गेले. साडू बशीतले सहा स्क्रू पुसत बसला होता. शीळ घालत नव्हता.

“तुमचा स्क्रूड्रायव्हर मी चोरला होता,” काटेकोर म्हणाले. फार वेळ मनात ठेवलं तर शब्द बदलतील म्हणून दारातच म्हणाले.

साडूने हातात घेऊन तो पाहिला. “मी गॅरेज तीनदा झाडलं हो,” एवढंच म्हणाला. रागावला नाही. यावेळीही नाही. मग त्याची नजर काटेकोरांच्या दुसऱ्या हाताकडे गेली. काळपट मूठ त्याने ओळखली.

“हे... तुमच्याकडे होते?”

“नऊ वर्षं.”

“मी मागितले होते,” साडू म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा राहिला नव्हता. “दोनदा मागितले. मला म्हणाले, विकले.”

त्याने तो हातात घेतला. अंगठा खळग्यात ठेवून पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते काटेकोरांनी आरशात रोज पाहिलेलं होतं, म्हणून ओळखायला वेळ लागला नाही. ते बघायला ते नऊ वर्षं थांबले होते. आनंद झाला. खोटं कशाला बोला, फार आनंद झाला. आणि लगेच त्या माणसाची दया आली, कारण हे किती दुखतं ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं!

“यानेच लावा झाकण,” ते म्हणाले.

साडूने सहा स्क्रू एकेक करून लावले. एरवी पाच मिनिटांचं काम, त्याने अर्धा तास पुरवलं. शेवटचा लागल्यावरही स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला नाही.

“हलका आहे,” तो म्हणाला.

“चाळीस ग्रॅमने,” काटेकोर म्हणाले. “तिन्ही मिळून.”

“चार दिवस ठेवू का माझ्याकडे? आणून देतो.”

काटेकोरांनी क्षणभर विचार केला. मग साडूच्या बोटांतून मूठ हळूच सोडवून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

“नको,” ते म्हणाले. “साडूचा भरवसा नसतो. मला अनुभव आहे.”